वाचणाऱ्याला आशीर्वाद देणारा दगड

हत्तरसंग कुडलला तरुणांना घेऊन गेलो की बहुतेकांची पावले आधी हरिहरेश्वराच्या बहुमुखी शिवलिंगाकडे वळतात. स्वाभाविकच आहे, तसे शिल्प विरळाच. मी मात्र त्यांना प्रथम संगमेश्वराच्या तुळईखाली उभे करतो. भीमा-सीनेच्या संगमावरील या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांपैकी एक. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ‘वाछि तो विजेया होइवा’, म्हणजे जो वाचील तो विजयी होईल. दानलेखांच्या शेवटी सहसा दान मोडणाऱ्याला शाप असतो. येथे वाचकाला आशीर्वाद आहे! म्हणून या तुळईखाली मी व्याख्यान आवरते घेतो आणि अर्थ लगेच सांगत नाही. माना वर होतात, कोणीतरी एखादे अक्षर ओळखतो, मग वाद सुरू होतो.