बातमीतले पालघर आणि पायाखालचे पालघर

जगभरच्या विचित्र आणि गमतीदार बातम्या वाचायला कोणाला आवडत नाही? वर्तमानपत्र हातात आले की अनेक जण आधी शेवटचे पान उलटतात. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात दाखवले गेले की स्वित्झर्लंडमध्ये झाडांना शेवया लागतात आणि बायका त्या तोडून उन्हात वाळवतात. एप्रिल फूलची ती थट्टा होती. पण कित्येक प्रेक्षकांनी फोन करून विचारले, हे झाड आमच्या अंगणात कसे लावायचे? त्याच्याही आधी, १८३५ साली, न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्राने चंद्रावर पंखांची माणसे दिसल्याची लेखमाला छापली होती. लोकांनी ती चवीने वाचली आणि बऱ्याच जणांनी खरीही मानली.

अशा बातम्यांवर आपण हसतो, दुसऱ्याला सांगतो आणि विसरून जातो. पण ती बातमी ज्या गावाची असते, ते गाव ती विसरत नाही. ही गोष्ट आम्हाला गेल्या हिवाळ्यात पालघर, बोईसर आणि तारापूरच्या एका दिवसाच्या सहलीत नीट कळली.

आमच्या शाळेत नववीची मुले 'जगाच्या गमती' नावाचे भित्तिपत्रक चालवतात. कुठे काय विचित्र घडले याची कात्रणे त्यावर लावतात. एकदा वर्गात कोणीतरी मोजले, तर जपान, अमेरिका, ब्राझीलच्या जोडीला आपल्या शेजारच्या पालघरच्याच कितीतरी बातम्या निघाल्या. मुले म्हणाली, "सर, हे गाव तर लोकलने जाता येण्यासारखे आहे. चला, बघून येऊ." मग आम्ही तीन शिक्षक आणि बावीस मुले-मुली एका रविवारी सकाळी विरारहून डहाणूच्या लोकलमध्ये बसलो.

विरार सुटले की गर्दी ओसरते आणि खिडकीतून जग दिसू लागते. वैतरणेचा पूल, खाडीचे रुंद पाणी, तिवरांची झाडी, मग भाताची कापलेली शेते. सफाळे गेले, केळवे रोड आले. इथून जवळच केळवे-माहीम आहे. 'माहीम' शब्द ऐकताच एका मुलाने विचारले, "सर, समुद्राचे पाणी गोड झाले ते हेच का?" नाही, ते मुंबईचे माहीम. ऑगस्ट २००६ मध्ये तिथल्या खाडीचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि हजारो लोक बाटल्या घेऊन धावले. पाठोपाठ गुजरातेत वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्यावरही पाणी गोड झाल्याचा गवगवा झाला. म्हणजे आमच्या या किनारपट्टीच्या दोन्ही टोकांना चमत्कार आणि मध्ये पालघर! पावसाळ्याचे दिवस होते. मिठी नदीचे आणि पावसाचे पाणी खाडीत उतरून खारेपणा कमी झाला होता. त्या पाण्यात शहराची घाणही होती. तरी लोक ते प्याले, आजारी माणसांना आणि लेकरांनाही पाजले. पुष्कळांनी त्याचा संबंध मखदूम बाबांच्या दर्ग्याशी जोडला. सांगायचे तात्पर्य, भोळेपणा ही कोणा एका समाजाची मिरास नाही. आपल्या घरातही तो आहे.

पालघर स्टेशनला उतरलो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन हा महाराष्ट्राचा ३६वा जिल्हा झाला. गावात १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारातील पाच हुतात्म्यांचे स्मारक आहे. मुलांनी ती नावे वहीत उतरवून घेतली. जग मात्र हे गाव त्या पाच नावांनी ओळखत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले ते 'लाइक'मुळे.

बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर विचारले की हा बंद कशासाठी? तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केले. दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली. परदेशातल्या वाचकांना ही बातमी गमतीची वाटली असेल. बटण दाबल्याबद्दल अटक! पण त्या दोन घरांत त्या रात्री काय झाले असेल, याचा विचार त्यांच्यापर्यंत कोठून पोहोचणार? पुढे प्रकरण अंगाशी आले, पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुलींवरील खटला मागे पडला. याच घटनेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल नावाची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आमच्या मुलींनी हे फार लक्ष देऊन ऐकले. एकीने विचारले, "मग ही बातमी गमतीच्या पानावर का छापली?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिघेही शिक्षक देऊ शकलो नाही.

पालघरहून पुन्हा गाडीने बोईसर गाठले. तिथे ठरवलेली मिनीबस उभी होती. आधी मुरबे गाव. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, पावसाळी मासेमारीबंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच फेऱ्यांत, इथल्या एका बोटीला वाढवणसमोरच्या खोल समुद्रात घोळ माशांचा थवा लागला. १५७ मासे, किंमत १ कोटी ३३ लाख रुपये! 'एका रात्रीत कोट्यधीश' म्हणून ही बातमी देशभर फिरली. मुलांनी लगेच हिशेब केला, एका माशाला सुमारे ८५ हजार. मासा इतका महाग का? त्याच्या मांसापेक्षा त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, म्हणजे इथले लोक ज्याला बोत म्हणतात त्याला, चीन आणि हाँगकाँगच्या बाजारात फार मागणी आहे. औषधांत आणि शस्त्रक्रियेच्या धाग्यांसाठी तो वापरतात.

किनाऱ्यावर एक वयस्कर काका जाळे दुरुस्त करीत बसले होते. ते त्या बोटीवरचे नव्हते. मुलांनी घोळ म्हणताच ते हसले. "मास्तर, ती बातमी आली तेव्हा आमच्या सगळ्यांचेच पाहुणे वाढले. ज्यांना आमचे नाव माहीत नव्हते तेही फोन करून ख्यालीखुशाली विचारू लागले. कोणी उसने मागी, कोणी मुलीचे स्थळ सुचवी." मग जाळ्याकडे बघत म्हणाले, "एक कोटीची बातमी झाली. रिकामी बोट परत येते त्याची बातमी कोण छापणार? डिझेल जळते, बर्फ वितळतो, खलाशांना पैसे द्यावेच लागतात."

मुले गप्प झाली. काकांनी मग समजावले की पूर्वी घोळ किनाऱ्याजवळ मिळे, आता लांब जावे लागते. पापलेटचीही तीच तऱ्हा. खाडीपलीकडचे सातपाटी पापलेटसाठी प्रसिद्ध. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले आणि त्याच वर्षी गुजरातने घोळला. एकाच समुद्रातल्या दोन माशांना दोन राज्यांचा मान मिळाला, पण जाळ्यात दोन्ही कमी झाले आहेत. ज्या वाढवणसमोर तो थवा सापडला, तिथेच आता मोठे बंदर व्हायचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. आपल्या मासेमारीचे काय होणार, ही इथल्या मच्छीमारांची चिंता आहे. तीही गमतीच्या पानावर येत नाही.

बोईसरला जोहरची नमाज आणि जेवण आटोपून औद्योगिक वसाहतीतून तारापूरकडे निघालो. रसायनांच्या वासाने मुलांनी नाकाला रुमाल लावले. रस्त्याच्या कडेला कामगार त्याच हवेत निवांत चहा पीत होते. तारापूरचे नाव साऱ्या देशाला ठाऊक आहे, पण तारापूर नावाचे रेल्वे स्टेशन नाही! यावर मुले खूप हसली. देशातील पहिले व्यापारी अणुवीज केंद्र इथे १९६९ मध्ये सुरू झाले. नंतर तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. आपल्या घरात दिवा लागतो तेव्हा त्या गावांची आठवण कोणाला होते?

बसमध्ये एका मुलीने बराच वेळ मनात धरलेला प्रश्न विचारला. "सर, साधूंना मारले ते पालघर हेच ना?" जिल्हा हाच, पण गाव दूर. डहाणू तालुक्याच्या पूर्व टोकाला, दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळचे गडचिंचले. लॉकडाऊनचे दिवस होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री एका अंत्यविधीसाठी सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक त्या अफवेचे बळी ठरले. जमावाने पोलिसांसमोर त्यांना ठार मारले.

दुसरी अफवा त्या तिघांच्या मृत्यूनंतर निघाली. चित्रफितीत कोणीतरी 'ओय, बस' म्हणत होते. ते शब्द 'शोएब' असे ऐकवले गेले आणि या खुनात मुसलमानांचा हात असल्याचा संदेश देशभर पसरला. अखेर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले की यात एकही मुस्लिम नाही. आमच्या वर्गात शोएब नावाची दोन मुले आहेत. ती दोघे बसच्या मागच्या बाकावर बसून हे ऐकत होती.

आम्ही मुलांना एवढेच सांगितले की या गोष्टीतून 'आपण सुटलो' असा अर्थ काढू नका. तीन निरपराध माणसांचा जीव गेला, हे दुःख आपलेही आहे. ज्या अफवेने त्यांना मारले आणि ज्या अफवेने आपल्याला आरोपी केले, त्या दोन्ही एकाच रस्त्याने आल्या. गोड पाण्याचा चमत्कारही त्याच रस्त्याने आला होता. ऐकले, पटले, पुढे पाठवले.

तारापूरचा किल्ला बघितला. पोर्तुगीजांकडून तो १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने जिंकला. दुपार कलली तशी किनाऱ्यावर चादरी अंथरून असरची नमाज अदा केली. नंतर वाळूतच बसून सूरह अल-हुजुरातवर बोललो. या सूरहच्या सहाव्या आयतीत ईमानवाल्यांना ताकीद आहे की एखाद्या बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा. नाहीतर नकळत एखाद्या समूहाला इजा कराल आणि मागून पस्तावाल. पुढे अकराव्या आयतीत सांगितले आहे की एका समूहाने दुसऱ्या समूहाची टिंगल करू नये. कदाचित ज्यांची टिंगल होते तेच अधिक चांगले असतील. शहानिशा आणि टिंगल, दोन्ही विषय एकाच छोट्या सूरहमध्ये, अवघ्या पाच आयतींच्या अंतराने. दिवसभर पाहिलेल्या पालघरला दोन्ही लागू पडत होते. एका बातमीत शहानिशा राहिली होती, तर दुसरीत माणसांविषयीची अदब.

ज्या उम्मतने शहानिशेचे एक शास्त्रच उभे केले, तिने तरी हे विसरू नये. हदीसच्या विद्वानांनी प्रत्येक कथनासोबत सनद मागितली, म्हणजे हे कोणी, कोणाकडून ऐकले याची साखळी. त्या साखळीतल्या माणसांच्या सचोटीची, स्मरणशक्तीची आणि त्यांची भेट खरोखर झाली होती का याची छाननी केली. यातूनच 'अस्मा-उर-रिजाल' हे शास्त्र तयार झाले. आज आपल्या मोबाइलवर येणाऱ्या संदेशाची सनद काय? 'आला तसा पुढे पाठवला.' ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा आशयाची पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

परतीच्या लोकलमध्ये मुलांनीच नियम ठरवले. भित्तिपत्रकावरच्या प्रत्येक कात्रणाखाली वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख लिहायची आणि जमेल तिथे एक ओळ जोडायची, या बातमीतल्या माणसांचे पुढे काय झाले? गमती बंद करायच्या नाहीत. शेवयांच्या झाडावर हसायला काहीच हरकत नाही, त्यात कोणाचे घर मोडले नव्हते.

हा नियम आपल्या घरांतही चालेल असे आम्हाला वाटते. बहुतेक घरांत कुटुंबाचा एक गट असतो आणि त्यावर सकाळी सलामनंतर पहिली गोष्ट येते ती एखादी अजब बातमी. ती पाठवणारे बहुधा मोठे असतात, खाला, मामू, दादाजान. त्यांना अडवणे मुलांना जड जाते. मग मोठ्यांनीच सुरुवात करावी. संध्याकाळी दस्तरखानावर एखादी बातमी घ्यावी आणि सगळ्यांनी मिळून विचारावे, ही कोणी सांगितली? ती ज्यांच्याविषयी आहे ते आपल्या शेजारी बसले असते, तर आपण ती अशीच वाचली असती का? उत्तर 'नाही' असेल तर बोट आवरावे. पालघरला जायला विरारहून फार वेळ लागत नाही. एकदा जाऊन या, समुद्र बघा, चिकू घ्या, किनाऱ्यावर कोणी जाळे दुरुस्त करताना दिसले तर दोन शब्द बोला. अल्लाह आपल्या सर्वांना ऐकण्याआधी थांबण्याची आणि बोलण्याआधी तपासण्याची तौफीक देवो. आमीन.