वाऱ्यासाठी घडवलेला दागिना

न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये काचेआडचा तो ब्रूच पाहिला तेव्हा, खरे सांगायचे तर, एक सुंदर दागिना यापलीकडे मला त्यात काही दिसले नाही. ब्राँझवर सोन्याचा मुलामा, पंख्यासारखी पसरलेली शेपटी आणि अंगभर वेलीसारखी वळणे. हेड्रियनच्या भिंतीवरील एसिका या रोमन ठाण्यात १८९४ साली तो इतर दागिन्यांसह सापडला. भिंतीचे काम सुरू झाले इ. स. १२२ मध्ये, ब्रूच त्याच्याही आधीच्या शतकातला. कुणीतरी तो जपला, ठेव्यात ठेवला, आणि न्यायला मात्र कुणी आले नाही.

सौ. शेजारच्या साध्या ब्रूचांवर वाकली होती. म्हणाली, “अहो, ही तर आपली सेफ्टी पिन!”

अगदी खरे. तारेला वेटोळे देऊन केलेली स्प्रिंग, तिच्या जोरावर ताणलेली टाचणी, टोक अडकवायला खोबण आणि वर कमान. ही कमान नुसती शोभेची नव्हे. जाड लोकरी वस्त्राच्या चुण्या तिच्या पोटात मावल्या पाहिजेत! न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने सेफ्टी पिनचे पेटंट घेतले ते १८४९ साली. युक्ती फार जुनी. बायका दोन्ही खांद्यांवर ब्रूचची जोडी लावीत आणि मधे साखळी सोडीत. त्यासाठी डोक्याशी कडीही असे.

दुसऱ्या दिवशी एसिकाला गेलो. आज त्याला ग्रेट चेस्टर्स म्हणतात. कॉफील्ड्सच्या जुन्या दगडखाणीपासून भिंतीच्या कडेने मैलभर चाल. लागूनच एका शेतकऱ्याचे घर, आत मेंढ्या चरताहेत, आणि खजिन्याच्या तळघराची दगडी कमान तेवढी शाबूत. वारा असा, की बोललेले शब्द तोंडातच परत यावेत!

सौ.ची शाल दोनदा उडाली. तिसऱ्यांदा तिने पर्समधून चांदीचा ब्रूच काढला. तिच्या आईचा. पुण्याहून आणला होता, पण आई गेल्यापासून तो तिने एकदाही लावला नव्हता.

“हरवला तर?” हातात घेऊन ती घुटमळली.

उत्खननात सुटे सापडणारे कितीतरी ब्रूच असेच कुणाच्या तरी खांद्यावरून गळलेले असणार, हे माझ्या ओठांवर आले होते. नवऱ्याने काही ज्ञान पोटातच ठेवावे! मी शालीच्या चुण्या धरल्या, तिने टाचणी आरपार नेऊन अडकवली. शाल जागची हलली नाही. कालच्या काचेआडच्या त्या कमानीचे काम मला इथे कळले.

दक्षिणेच्या दरवाज्यापाशी एक रोमन वेदी अजून उभी आहे. तिच्यावर झारी कोरलेली. येणारेजाणारे तिच्यावर नाणी ठेवतात. सौ.नेही एक पेनी ठेवली. दुसरा हात मात्र खाणीपाशी परत येईपर्यंत तिने खांद्यावरून काढला नाही.