बारी की खिडकी? भाचीचा गेम आणि घरच्यांचे शेरे

आम्ही बडोद्याचे. पणजोबा गायकवाडी नोकरीत आले ते इथेच राहिले, म्हणजे माझी भाची आता पाचवी पिढी. आजोबा मराठी शाळेत शिकले. बाबा चौथीपर्यंत मराठीत आणि पुढे गुजरातीत. मी आणि दादा सरळ गुजराती माध्यमात, आणि भाची इंग्रजीत. घरात बोलणं मात्र कायम मराठीच. त्यामुळे आमच्याकडे एक गंमत झालीय. बोलणं टिकलं, पण लिहिणं पिढीगणिक गळत गेलं. इथल्या बऱ्याच घरांत हेच असणार, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तर आमची भाची कॉम्प्युटरवाली. तिने मागे एका गेम जॅममध्ये भाग घेतला. जॅम म्हणजे पोळीवरचा नव्हे. ठरलेल्या वेळात नवा गेम करून द्यायचा, त्याला जॅम म्हणतात. बऱ्याचदा ४८ किंवा ७२ तास मिळतात. हिला ७२ मिळाले होते. शुक्रवारी रात्री दार लावून बसली ती सोमवारी रात्री बाहेर आली. मधल्या वेळात वहिनी दारात ताट ठेवून यायच्या.

तिने केली ती व्हिज्युअल नॉव्हेल. वर चित्र, खाली पात्राचं बोलणं, वाचत वाचत पुढे जायचं. दिवाळी अंकातली गोष्ट हलायला लागली तर कशी दिसेल, तशी. रेनपाय नावाचं एक फुकट मिळणारं साधन आहे, २००४ पासून जगभरची मंडळी त्यावर असल्या गोष्टी बनवतात. हिने त्यात एक भर घातली. गोष्ट पुढे न्यायची तर बटण दाबून चालत नाही, नातीचं उत्तर मराठीत टाइप करावं लागतं. बहुतेक उत्तरं पडद्यावर दिसतात, ती पाहून उतरवायची. काही ठिकाणी मात्र रिकामी जागा, तिथे आपल्या घरी जो शब्द म्हणतात तो आपणच लिहायचा.

गोष्ट साधी आहे. संध्याकाळी आजी हिंचक्यावर बसलीय, नात शेजारी. (बाहेरगावच्यांसाठी: हिंचका म्हणजे झोपाळा.) आजी जुन्या गोष्टी सांगते, नात उत्तरं देते. हिंचक्याचे पाच झोके होईपर्यंत उत्तर टाइप झालं नाही, तर आजी मराठी सोडून गुजरातीत बोलायला लागते, आणि पडद्यावरचे रंग उतरत जातात. गुजरातीत टाइप करावं लागत नाही, बटणं येतात.

आजीचा आवाज आमच्या आईचा. ८६ वर्षांची आहे. मागे पंख्याची घरघर ऐकू येते, त्याबद्दल दोन जणांनी तक्रार केली. भाचीने ती काढली नाही. म्हणाली, "आत्या, आजीच्या खोलीत पंखा असतोच."

सबमिट झाल्यावर तिने घरच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि लिहिलं, "खेळा आणि खरं सांगा. छान छान नको." आमच्या घराण्यात खरं सांगा म्हटल्यावर कोण थांबतंय! बंगळुरूपासून पुण्यापर्यंत सगळ्यांनी शेरे पाठवले.

पहिला शेरा माझाच होता. मी दहावीनंतर दांडिया बाजारच्या बाजूला टायपिंग क्लासला जायची, गुजराती आणि इंग्रजी. पुढे नोकरी त्यावरच झाली. टाइपरायटरवर अक्षरं दिसतात त्या क्रमाने उमटवायची. "कि" लिहायचा तर आधी वेलांटी, मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. कॉम्प्युटरला हा क्रम चालत नाही. तो उच्चाराप्रमाणे जातो, आधी क, मग वेलांटी. माझी बोटं सवयीने वेलांटी आधी मारायची, पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ यायचं आणि गेम लगेच लाल व्हायचा. मी तिला म्हटलं, "बाई, पुसून नीट करायला तरी वेळ दे. टायपिंगच्या परीक्षेतसुद्धा पर्यवेक्षक मानेवर बसत नव्हता."

दुसरा शेरा बंगळुरूच्या पुतण्याचा. तो मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत "aaji" लिहितो आणि कीबोर्ड त्याचं "आजी" करून देतो. म्हणजे अख्खा शब्द एकदम येऊन पडतो. गेम बसलाय एकेक अक्षर मोजत! त्याला वाटलं ह्याने काही लिहिलंच नाही. पुतण्याने लिहिलं, "मी आजीशी बोलतोय, पण आजीला ऐकूच येत नाहीये."

तिसरा शेरा दादाचा, आणि तो सगळ्यात चक्रावणारा. "दुसऱ्या" हा शब्द त्याने चार वेळा बरोबर लिहिला आणि चारही वेळा चूक आला. वरचा शब्द आणि त्याचा शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखे. दादा रिटायर्ड बँकवाला, सह्या जुळवण्यात आयुष्य गेलेलं. त्याने चष्मा लावून, स्क्रीन मोठी करून पाहिलं, तरी फरक सापडेना. भाचीने खणून काढलं. आपला तो आडवा अर्धा र, दऱ्या आणि आचाऱ्यामधला, कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात खाली नुक्ता दिलेला ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एकच, आत वेगळं. "ॲ" चंही तसंच. एक अखंड अक्षर, आणि एक अ वर चंद्र ठेवून केलेलं. माणूस दोन्ही एकच वाचतो, मशीन दोन समजते.

हे तिन्ही शेरे तिने वहीत लिहून घेतले आणि एकाच फटक्यात मिटवले. आता गेम अक्षरागणिक तपासत नाही. ओळ पूर्ण करून एंटर मारला की मगच पाहतो, आणि पाहण्याआधी दिसायला सारखी असलेली रूपं आतूनही सारखी करून घेतो.

पुढचा शेरा पुण्याच्या काकूंचा. रिकाम्या जागांपैकी एक अशी होती, आजी म्हणते, "डास येतायत ग, ती जरा लाव." नातीने विचारायचं, "आजी, ____ लावू का?" गेमला दोन्ही उत्तरं मान्य होती, खिडकी आणि बारी. काकूंनी लिहिलं, "मुलांच्या हातात जाणार असेल तर शुद्ध मराठी असावं. बारी, छापं, लारी हे गुजराती शब्द आहेत. खिडकी, वर्तमानपत्र, हातगाडी असं कर. मराठीत बारी म्हणजे पाळी."

काकू चुकीचं बोलत नव्हत्या. पण ग्रुपवर दोन दिवस हाच विषय चालला. दादा म्हणाला, आपल्याकडे पहाटे छापंच येतं, वर्तमानपत्र कधी आलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, ह्या गावाला शब्द शेजारी शेजारी ठेवायची सवय जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली "श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु" छापवला, त्यात राज्यकारभाराच्या शब्दांना आठ भाषांतले प्रतिशब्द एका ओळीत मांडलेत. मराठी राजा, गुजराती प्रजा, कचेरीत फारसीचे अवशेष. कुठला एक शब्द शुद्ध म्हणून बाकीचे काढून टाकले नाहीत, सगळे समोर ठेवले.

भाचीने काकूंचंही ऐकलं आणि आमचंही. खिडकी लिहिलं तर आजी म्हणते, "हो, लाव." बारी लिहिलं तर म्हणते, "हो ग, बारी लाव, आणि जाळीपण." काकूंनी दोन्ही खेळून पाहिलं आणि फक्त अंगठा पाठवला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो शेरा.

आमच्या वहिनी, म्हणजे भाचीची आई, माहेरच्या गुजराती. लग्नाला पस्तीस वर्षं होतील. मराठी इतकं छान बोलतात की नव्या माणसाला कळत नाही. सासूशी मराठी, माहेरी गुजराती, भाजीवाल्याशी जे सुचेल ते. पण मराठी लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. लेकीचा गेम म्हणून त्या रात्री सगळं आवरून खेळायला बसल्या. मी तिथेच होते. उत्तर येत होतं, तोंडाने म्हणतही होत्या, पण पाच झोक्यांत टाइप होईना. आजी गुजरातीत बोलायला लागली, रंग उतरले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पडदा राखाडी झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "बेन, ह्या गेममध्ये गुजराती आली म्हणजे मी हरते का?"

मी हे भाचीला शब्दन्‌शब्द सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग जेवताना वाद झाला. दादाचं म्हणणं पडलं, "गुजरातीत बटणं दाबून गोष्ट पुढे जाणार असेल आणि काही बिघडणारही नसेल, तर मराठी लिहायचे कष्ट घेणार कोण? मुद्दाच निघून जातो." त्याचंही खोटं नव्हतं. आपली मुलं सोपं असेल तिकडे जातात, आपणही गेलोच. मी म्हटलं, "पण दादा, शिक्षा म्हणून समोर आलेली गुजराती ह्या घरात कोणाची आहे, बघ ना." वहिनी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही भांडू नका, मला फक्त वेळ कमी पडतो."

आईने शेवटी तोंड उघडलं. आईला गेम दिसत नाही नीट, भाचीने तिला तोंडी समजावला होता. ती म्हणाली, "नात बोलायला वेळ लावतेय म्हणून मी भाषा बदलेन? मी बसून राहीन की. मला कुठे जायचंय?"

जॅमचा निकाल लागेपर्यंत बहुतेक ठिकाणी मूळ गेममध्ये मोठे बदल करू देत नाहीत. त्यामुळे भाचीने नंतर दुसरी आवृत्ती केली. झोके मोजणं बंद. हिंचका हलत राहतो, आजी वाट पाहते, मधूनच पदर सारखा करते. रंग उतरत नाहीत. मराठी की गुजराती, ते खेळणारा ठरवतो, आणि दोन्हीकडे गोष्टी वेगळ्या आहेत. गुजरातीत आजी २०१९ च्या पुराचं सांगते, विश्वामित्रीचं पाणी गल्लीत शिरलं, मगरी निघाल्याच्या बातम्यांनी कोणी खाली उतरेना, आणि शेजारच्या बेननी गच्चीवरून खिचडीचं पातेलं पुढे केलं ते. मराठीत सांगते ते तिच्या माहेरचं. एका भाषेत खेळलं की अर्धीच आजी कळते. दादा म्हणाला, "हं, आता टाइप करीन."

वहिनींना मी एक गोष्ट दाखवली. त्या शाळेच्या ऑफिसात गुजराती टाइप करायच्या, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. हा कीबोर्ड सरकारने १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी मिळून ठरवला, आणि त्यात गुजरातीचा ક जिथे, तिथेच मराठीचा क. मात्रा, वेलांट्या, हलन्तही त्याच कळांवर. भाषा बदलली तरी बोटाला नवीन शिकायला नको. वहिनींनी कीबोर्ड मराठीवर केला आणि न बघता "कमळ" लिहिलं. हसायलाच लागल्या. पस्तीस वर्षं बोटांना मराठी येत होतं आणि कोणी सांगितलं नव्हतं.

गेमच्या शेवटी एक मोकळी ओळ आहे. आजी विचारते, "आणखी काही सांगायचंय?" तिथे काहीही लिहा, चूक-बरोबर नाही. वहिनींनी लिहिलं, "आई, सकाळी दूद उशीरा आला." ह्या घरात त्यांनी लिहिलेलं हे पहिलं मराठी वाक्य. दूदचा ध आणि आलाचं आलं करायला दादाचा हात शिवशिवत होता, मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला. भाचीने ती ओळ आईला मोठ्याने वाचून दाखवली.

आई म्हणाली, "मग मला कोरा चहा करा, थांबू नका दुधासाठी."

भाची आता रिकाम्या जागांसाठी आणखी शब्द गोळा करतेय, आणि फक्त बडोद्याचे नकोत म्हणते. तर इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, गोव्याकडच्या मंडळींनो, तुमच्या घरी खिडकीला, झोपाळ्याला, सकाळच्या पेपरला काय म्हणतात ते खाली लिहा. आजी आजोबा म्हणतात तसंच लिहा, शुद्धलेखन बघू नका. आणि घरात कोणी माझ्या वहिनींसारखं असेल, बोलणारं पण न लिहिणारं, तर शब्द त्यांनाच टाइप करू द्या. वेळ लागला तर लागू द्या.