बिल्ला आणि निळी फीत

आमच्या खोलीत इतिहासाच्या पुस्तकांच्या कपाटावर पत्र्याची एक पेटी आहे. वसतिगृहात राहून गेलेल्या बहुतेकांनी ती कधी ना कधी उघडून पाहिली असेल. बाबासाहेबांच्या जयंतीचे बिल्ले, निळ्या फितींची फुले, चैत्यभूमीवरून आणि दीक्षाभूमीवरून आणलेली पदके असा तो ऐवज आहे. संपादक मंडळाने या संग्रहाविषयी लिहावे असे सुचवले, तेव्हा आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

संग्रहाचा आरंभ शताब्दीच्या काळातला. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, त्यांच्या मुद्रेचे एक रुपयाचे नाणे निघाले. आम्ही तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो. ते नाणे खर्च करायचे नाही एवढेच ठरवले होते. पुढे त्याच्या सोबतीला घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नर अशा ठिकठिकाणच्या मिरवणुकांतले बिल्ले जमत गेले. पत्र्याचा छापील गोल, मागे सेफ्टी पिन, खाली सॅटिनची निळी फीत आणि तीवर सोनेरी अक्षरांत ‘स्वयंसेवक’. ‘अध्यक्ष’ लिहिलेल्या फितीचे फूल नेहमीच मोठे असते, हे आमचे संशोधन!

नाणे आणि तिकीट यांच्यावर साल असते. टपाल खात्याचे १९६६ चे पंधरा पैशांचे तिकीट आमच्याकडे आहे; त्याचा काळ कोणाला विचारावा लागत नाही. बिल्ला मात्र एका दिवसापुरता असतो. छातीवर लावणाऱ्याला साल ठाऊकच असते, मग ते छापायचे कशाला? म्हणूनच बिल्ल्याचा इतिहास बिल्ल्यावर नसतो. तो देणाऱ्याच्या तोंडी असतो. आणि इथेच इतिहासाचे एम. ए. असलेले आम्ही चुकलो.

काही वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यातल्या एक आजी नातवाला भेटायला शाळेत आल्या. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, हे आपण जाणताच. आजींचे घरही त्याच पाण्यात गेले. उठताना सामानात जी कागदपत्रांची डबी घेतली, तिच्यात जमिनीच्या उताऱ्याबरोबर पितळेचा एक बिल्ला होता. “गुरुजी, ह्याला टाचणी राहिली नाय. यांनी लई जपला होता. तुमच्या पोरांना दाखवा,” एवढे म्हणून त्यांनी तो आमच्या हातावर ठेवला. त्यांच्या यजमानांना तो कुठे मिळाला, कोणत्या सभेत त्यांनी तो लावला, हे आम्ही विचारले नाही. जेवणाची घंटा झाली होती. पुढच्या वेळी विचारू असे वाटले.

त्यानंतर प्रदर्शन मांडायचे म्हणून आम्ही तो बिल्ला चिंच लावून घासला. पितळ लखलखले, पण कडेची बारीक अक्षरे, जी आधीच पुसट होती, ती पार गेली. जुनी विटलेली फीत काढून आम्ही नवी लावली होती, तीही आता जुनी झाली आहे. आजी पुन्हा आल्या नाहीत. नातूही शाळा सोडून गेला.

पुण्याला सेनापती बापट मार्गावरच्या बाबासाहेबांच्या संग्रहालयात आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. भारतरत्न पदकाचा आकार पिंपळपानाचा आहे. एक मुलगी पटकन म्हणाली, “सर, हे तर बोधिवृक्षाचं पान!” त्या पदकाची नोंद आहे, दिनांक आहे. कोरेगावच्या लढाईचेही असेच. १८५१ साली ईस्ट इंडिया कंपनीने ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक दिले, त्यावर कोरेगावची पट्टी होती आणि फीत फिकट निळी होती. लढाईला तेहेतीस वर्षे उलटून गेल्यावर ते हयात असलेल्यांनाच मिळाले; पण पदकाच्या कडेवर मानकऱ्याचे नाव कोरलेले असे. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत तर इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. परदेशातून आलेल्या त्या माणसाचे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकले. आम्ही दरवर्षी मुलांना तो लेख दाखवतो, दात्याचे नाव वाचायला लावतो, आणि आमच्याच पेटीतल्या पितळी बिल्ल्याच्या दात्रीचे नाव आम्हाला सांगता येत नाही.

आता प्रत्येक वस्तूसोबत पुठ्ठ्याचे एक कार्ड ठेवतो. गाव, साल, कोणी लावला, कोणत्या प्रसंगी, कोणी दिला. आठवीची मुले हे काम करतात आणि आमच्यापेक्षा नीट करतात; “आजोबांना फोन करून विचारलं” असे एकाने कार्डाच्या पाठीमागे लिहूनही ठेवले आहे. चिंच, राख, लिंबू यांना मात्र पेटीजवळ बंदी आहे.

मागची बरीच कार्डे कोरी आहेत. माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी त्या वर्षांत आम्हाला बिल्ले आणून दिले, त्यांनी शाळेत यावे, पेटी उघडावी आणि आपला बिल्ला ओळखावा. आणि आंबेगावच्या त्या आजींचा नातू हे वाचत असेल, तर बाळा, तुझ्या आजोबांचे नाव आम्हाला कळव. त्या बिल्ल्याचे कार्ड अजून कोरेच आहे.