राघोबाला कोणीही बोलेल

मी कीर्तनकार. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं आख्यान हा माझा हातखंडा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यात त्यांचे काका राघोबादादांचा हात दिसताच शास्त्रीबुवांनी त्यांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. इथं टाळी ठरलेली.

एका गावी रामनवमीच्या उत्सवाला गेलो होतो. यजमान साखर कारखान्याचे चेअरमन. दुपारी एक म्हातारे शेतकरी भेटायला आले. म्हणाले, "बुवा, ऊस जाऊन चार महिने झाले, बिल नाही. आमचं कोण ऐकतंय? तुम्ही गादीवरनं बोललात तर ऐकतील." उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे, हा नियम मलाही ठाऊक होता. "रामराया बघून घेईल," म्हणालो आणि त्यांना वाटेला लावलं.

रात्री पूर्वरंगात निर्भय भक्तीचं निरूपण केलं, उत्तररंगात रामशास्त्री उभे केले. पहिल्या रांगेत चेअरमनसाहेब मान डोलवत होते. राघोबांवर मी असा काही कडाडलो की मंडप दणाणला! शेवटी, मध्यंतरात मला घातलेला हार काढून मीच साहेबांच्या गळ्यात घातला आणि त्यांना 'धर्मरक्षक' म्हणालो. समोर राम उभा होता आणि मी भ्यायलो होतो पाकीट देणाऱ्याला. आरतीच्या तबकात त्या म्हाताऱ्यांनीही दहा रुपये टाकले.

दोन वर्षांनी त्या उत्सवाला दुसरे बुवा बोलावले. मग मला कंठ फुटला. शेजारच्या गावी भर कीर्तनात मी चेअरमनांचं नाव घेऊन त्यांना झोडपलं. तोवर थकलेली बहुतेक बिलं चुकती झाली होती. मी साधी चौकशीही केली नव्हती. घरी आल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "यंदा बोलावणं आलं असतं, तर बोलला असता?"

पहिल्यांदा लोभानं गप्प बसलो, दुसऱ्यांदा रागानं बोललो. दोन्ही वेळा नाव रामाचं घेतलं.

निकाल सांगून रामशास्त्र्यांनी पद सोडलं, पुणं सोडलं. हे वाक्य मी वर्षानुवर्षं घाईत उरकत आलो, कारण तिथं टाळी पडत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या राघोबाला बोलायला माझं काय जात होतं?

हल्ली बोलावणं आलं की बिदागीच्या आधी, गावात कोणाचं काय थकलंय ते विचारतो. दोन उत्सव त्यापायी सुटले. त्या म्हाताऱ्यांच्या दारी जायचं मात्र अजून धाडस झालेलं नाही.