बाहेरची डिस्क, आतलं काम

लग्नसराई सुरू झाली की फोटोशॉपवर अल्बम करणाऱ्याला एक संदेश हमखास भेटतो : स्क्रॅच डिस्क भरली आहे, सांगितलेलं काम करता येत नाही. तो येतो तोही नेमका शीट पूर्ण होत आल्यावर. प्रस्तुत लेखक मेळघाटात, धारणीला लग्नाचे अल्बम करतो. त्याचा लॅपटॉप जुना, रॅम 8 जीबी, आतली एसएसडी 256 जीबीची. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू कामाचे फोटो त्यात दाटीवाटीने बसलेले. दारात गिऱ्हाईक उभं : ‘भाऊ, अल्बम कधी भेटन?’ शेवटी त्याने फोटोशॉपची कामाची जागा बाहेरच्या डिस्कवर हलवायचं ठरवलं.

एवढी जागा लागते तरी कशाला? करिझ्मा अल्बमची एक शीट 12 बाय 36 इंचांची. 300 डीपीआयने तिचे 3600 गुणिले 10800, म्हणजे सुमारे 3 कोटी 89 लाख पिक्सेल होतात. साध्या 8 बिट आरजीबीत पिक्सेलमागे तीन बाइट धरले, तर नुसत्या पार्श्वभूमीलाच 117 एमबी हवेत. त्यावर पाच-सहा फोटोंचे लेयर, मास्क, सावल्या, फुलांची नक्षी. शिवाय मागे जाता यावं म्हणून फोटोशॉप आधीच्या 50 पायऱ्या लक्षात ठेवतं, ते वेगळंच. मोकळ्या रॅमपैकी साधारण 70 टक्के हे सॉफ्टवेअर आपल्याकडे घेतं; तिथे मावत नाही ते डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत (हीच ती स्क्रॅच डिस्क) टाकतं आणि लागेल तसं परत उचलतं. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आलं, तेव्हा रॅम जेमतेम काही एमबी असायची. त्यामुळे डिस्कचा असा आधार घेणं त्याला जुनंच.

रॅम पुरते की नाही, हे खिडकीच्या तळाशी दिसतं. तिथल्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडलं की टक्केवारी येते. 100 असेल तर सगळं रॅममध्ये चाललंय. आकडा खाली घसरला की डिस्कची ये-जा सुरू झाली.

पहिला प्रयोग झाला कपाटात पडून असलेल्या 1 टीबीच्या फिरत्या हार्डडिस्कवर. जागा भरपूर, त्यामुळे डिस्क भरल्याची तक्रार बंद झाली. तिच्याऐवजी कर्सरचं गोल गोल फिरणारं चक्र आलं. कारण पोर्टात होतं. लॅपटॉपला दोन यूएसबी पोर्ट, एक काळं आणि एक निळं. काळं यूएसबी 2.0 चं : कागदावर सेकंदाला 480 मेगाबिट, हातात मात्र 30 ते 40 एमबी. 2 जीबीचा ऐवज तिथून नुसता लिहायचा म्हटला तरी मिनिटभर जातो. तीच डिस्क निळ्या, यूएसबी 3.0 च्या पोर्टात लावली की वेग शंभर एमबीच्या पुढे जातो आणि तेवढंच काम वीसेक सेकंदांत होतं.

यात वायरचीही एक गंमत आहे. अशा डिस्कला चपटी, मधे खाच असलेली रुंद पिन लागते. ती वायर हरवली की लोक मोबाइलच्या जुन्या चार्जरची मायक्रो यूएसबी वायर डिस्कच्या त्याच खोबणीच्या मोठ्या भागात खुपसतात. ती बसते, डिस्क सुरूही होते. पण निळ्या पोर्टात लावूनही वेग यूएसबी 2.0 चाच मिळतो. बिघाड डिस्कमध्ये शोधला जातो आणि खरं कारण टेबलावर लोंबत असतं.

निळ्या पोर्टानंतर अडसर उरतो तो डिस्कचाच. मिनिटाला साधारण 5400 फेऱ्या घेणारी तबकडी आणि तिच्यावर धावणारा हेड. फोटोशॉप सलग वाचत नाही, तुकड्यातुकड्यांनी वाचतं-लिहितं. मग हेड पाटावरच्या पोरांना एकटीने वाढणाऱ्या आईसारखा नुसता पळत राहतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साटा जातीची एसएसडी यूएसबी 3.0 वर सेकंदाला 400 एमबीच्या आसपास देते. लेखकाने तीच घेतली.

तिची परीक्षा लग्नाच्या अल्बमने नाही, घुंगरू बाजाराने घेतली. दिवाळीनंतर मेळघाटातल्या आठवडी बाजारांत गुराखी घुंगरू बांधून, बासरीच्या सुरावर नाचतात. त्या गर्दीचं एकच लांबलचक छायाचित्र करायचं म्हणून 24 मेगापिक्सेलच्या 8 फ्रेम जोडायच्या होत्या. 16 बिटमध्ये एक फ्रेम 144 एमबीची, म्हणजे आठ मिळून 1152 एमबी, तेही जोडकाम सुरू होण्याआधी. जुळवणी, मास्क आणि रंग यांनी हा आकडा कितीतरी पटींनी फुगतो. फिरत्या डिस्कवर हे काम लावून जेवायला जावं लागलं असतं. एसएसडीवर ते खुर्चीतून न उठता झालं.

वेगानंतर प्रश्न येतो विजेचा. मोठी, 3.5 इंची बाहेरची डिस्क स्वतःच्या अडॅप्टरवर चालते. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जागा राहतो आणि डिस्क मात्र त्याच क्षणी बंद पडते. कामाची तात्पुरती फाइल अशी पायाखालून निघाली की फोटोशॉप कोसळतं आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. छोटी डिस्क किंवा एसएसडी यूएसबीतूनच वीज घेते, म्हणून लॅपटॉपच्या बॅटरीवर ती चालू राहते. वारंवार लाइट जाणाऱ्या गावात हा फरक टेराबाइटच्या आकड्यापेक्षा मोलाचा. फोटोशॉप बंद केल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही, हेही त्यातच आलं.

आणि मग अल्बम छापून देणारी अमरावतीची लॅब. हरिसाल हे याच तालुक्यातलं गाव 2016 मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं. पण स्टुडिओचा हिशोब वेगळा. अल्बमचा 10 जीबी डेटा 5 एमबीपीएसच्या अपलोडने पाठवायचा तर साडेचार तास लागतात, तेही नेटवर्क मधे न तुटता. त्यापेक्षा डिस्क एसटीने जाते : हरिसाल, सेमाडोह, घटांग, परतवाडा करत दीडशेएक किलोमीटर. ती लॅबमध्ये असताना इथे दुसरं काम अडू नये, म्हणून प्रवासाची डिस्क आणि कामाची डिस्क लेखकाने वेगळ्या ठेवल्या. प्रवासाला जुनी हार्डडिस्क. ती बंद असताना हेड तबकडीवरून बाजूला जाऊन बसलेला असतो, त्यामुळे घाटातले धक्के ती सोसते. चालू असताना तेच महागात पडले असते. मूळ फोटोंची आणखी एक प्रत स्टुडिओत असतेच.

जोडणीत एक बारकावा राहतो. विंडोज बाहेरच्या डिस्कला कधी ई म्हणतं, कधी एफ. नेमलेली डिस्क सापडली नाही की फोटोशॉप मुकाट्याने आतल्या डिस्ककडे वळू शकतं. म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला ‘एस’ हे अक्षर कायमचं दिलं आणि फोटोशॉप उघडताना कंट्रोल व ऑल्ट दाबून धरत तीच पहिली निवडली. फोटोशॉप कोसळलंच तर मागे राहिलेल्या टेम्प फाइली हाताने काढाव्या लागतात. नाहीतर जागा गुपचूप भरत जाते.

एवढं करूनही बाहेरची एसएसडी रॅमची जागा घेत नाही. कितीही वेगवान असली तरी ती रॅमपेक्षा खूपच हळू. लॅपटॉपमध्ये रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे. लग्नसराई संपली की पहिला खर्च तोच, 8 ची 16 जीबी. मग साध्या शीटला एसएसडीची फारशी गरज पडणार नाही. घुंगरू बाजारासारखी लांब चित्रं मात्र तिच्याच भरवशावर होतील.