चष्मा कधी काढायचा

१९९५ सालचं ग्रहण ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरच्या सकाळी आलं. राजस्थानात नीम का थाना ते बंगालमध्ये डायमंड हार्बर अशा पट्ट्यात ते खग्रास दिसलं. आमच्या नागपुरात खंडग्रास. मी तेव्हा गरोदर होते. सासूबाईंनी फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रं ठेवली, खिडक्या लावल्या आणि बजावलं, "काही चिरू नोको, शिवू नोको, बाहेर तर निघूच नोको." त्यांच्या धाकात माया होती, म्हणून बसले. पण ग्रहण बघायचं राहिलं, ही रुखरुख काही गेली नाही.

पुढे वाचनात खगोलशास्त्रज्ञ अॅनी माँडर भेटली. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण विजयदुर्ग, जेऊर करत आपल्या वऱ्हाडावरून गेलं होतं. धामणगावजवळच्या तळणीला ब्रिटिश खगोलप्रेमींचा तळ पडला होता. तिथे अॅनीने आपल्या लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या करोनाचा एक लांबलचक झोत टिपला. एवढा लांब झोत तोवर कुणाच्या छायाचित्रात आला नव्हता. मुंबईला जाताना तळणी स्टेशन येतं तेव्हा मी आजही खिडकीशी सरकते.

२२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणासाठी भोपाळ गाठलं. पावसाळाच तो! ढगांआड अंधारलं, पुन्हा उजाडलं, सूर्य मात्र दिसला नाही.

दिसला तो थेट ८ एप्रिल २०२४ ला, डॅलसला, लेकीकडे. सकाळपासून ढग ये-जा करत होते. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं: डोळ्याच्या पडद्याला वेदना नसते, भाजलं तरी कळत नाही. म्हणून एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल यांतलं काही मी चालवून घेत नाही. आयएसओ १२३१२-२ च्या प्रतीचा, ओरखडा नसलेला चष्मा हवा. दुर्बिणीचा फिल्टर पुढच्या भिंगावरच बसवायचा. ग्रहणाचा चष्मा घालून उघड्या दुर्बिणीत डोकावणं तर सगळ्यांत वाईट. एकवटलेलं ऊन चष्म्यालाही भेदतं.

कोर बारीक होत गेली. लेक विचारत होती, "आई, आता काढू?" "थांब गं." हिऱ्याची अंगठी चमकली, विझली. "काढ!" पांढरा करोना चहूकडे पसरला होता, खालच्या कडेला गुलाबी ज्वाळेचा ठिपका, बाजूला शुक्र. मी ओरडत होते की रडत होते, आठवत नाही. जवळपास पावणेचार मिनिटं! दुसऱ्या कडेला प्रकाश फुटताच मीच पहिली हाकाटी केली, "चष्मे लावा!" त्या क्षणी आनंदात माणूस हमखास बघत राहतो.

आता २ ऑगस्ट २०२७. इजिप्तमध्ये लक्सरला खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त चालेल. तिथला उन्हाळा नागपूरकरांनाही कडक वाटावा असा, पण आभाळ बहुधा निरभ्र. भोपाळनंतर मी आधी आभाळ बघते, मग तिकीट. वेध पाळणाऱ्या दोन मैत्रिणी या खेपेला सोबत निघाल्यात. त्यांचा चष्मा लावण्या-काढण्याचा सराव मी गच्चीवर करून घेते आहे.